खरं सांगितलं, पण परस्पर ठरवून

माटुंग्याच्या 'कूलर अँड कंपनी' या इराणी हॉटेलात इला एका माणसाची वाट पाहत बसली आहे. त्याचा चेहरा तिला माहीत नाही, आवाजही माहीत नाही. माहीत आहे ते त्याचं अक्षर, त्याच्या दिवंगत बायकोची आवडती मालिका आणि त्याचं एकटेपण. नवऱ्याला कधी सांगता आलं नाही असं बरंच काही तिनं या माणसाला लिहून कळवलं आहे. ती पर्सशी चाळा करते, पुन्हा पुन्हा पाणी पिते, दाराकडे बघते. तो येत नाही. निदान तिला तरी तसंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला रिकामा डबा पाठवते. त्याच डब्यातून त्याचं उत्तर येतं, आणि मग कळतं की तो आला होता. त्यानं तिला पाहिलं, ती किती सुंदर आणि किती तरुण आहे हे पाहिलं, आणि न बोलता परत गेला. पत्रात तो काहीही लपवत नाही. आपण म्हातारे झालो आहोत, हे आपल्याला त्याच दिवशी कळलं, असं लिहितो. तिचे आभार मानतो.

रितेश बत्रा यांच्या 'द लंचबॉक्स'मधलं हे वळण. २०१३ साली हा चित्रपट कान चित्रपट महोत्सवाच्या 'क्रिटिक्स वीक' विभागात दाखवला गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्याकडे लागला. साजन फर्नांडिसच्या भूमिकेत इरफान, इलाच्या भूमिकेत निम्रत कौर. या पत्राबद्दल बोलताना बहुतेक जण एकच गोष्ट सांगतात: किती प्रामाणिक माणूस, किती मोठं मन! मला हे मान्य नाही. म्हणूनच या एका न झालेल्या भेटीचं प्रकरण नीट उलगडून बघावंसं वाटतं. साजननं लिहिलेलं सगळं खरं आहे. पण ते खरं त्यानं सांगितलं तोवर निर्णय घेऊन झाला होता, आणि त्या निर्णयात इलाला जागा नव्हती.

चुकलेला डबा

या दोघांत पत्रं सुरू झाली ती डबा चुकला म्हणून: इलानं नवऱ्यासाठी, राजीवसाठी, पाठवलेला डबा साजनच्या टेबलावर पोचला. मुंबईचा डबा सहसा चुकत नाही. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम आजही मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून आलेली माणसं करतात. झाकणावरचे रंग, अक्षरं आणि आकडे वाचत डबा घरून कचेरीत जातो आणि रिकामा होऊन घरी येतो. डबा भलतीकडे जातोय, असं इला सांगते तेव्हा तिचा डबेवाला ते मानायलाच तयार होत नाही. त्याच्या विश्वासात चूक बसतच नाही. त्यामुळे ही चूक दुरुस्त न होता रोज ठरल्या वेळी, न चुकता घडत राहते.

मनातलं बोलायला यापेक्षा निर्धोक जागा शोधून सापडली नसती. चेहरा दिसत नाही, नाव सांगायची सक्ती नाही, ओळखीत कुणी कुणाचं नाही. सकाळी लिहिलेली चिठ्ठी पोळीच्या पुडात जाते आणि संध्याकाळी उत्तर घरी येतं. उत्तर नको वाटलं तर दुसऱ्या दिवशी डबा भरायचा आणि चिठ्ठी ठेवायची नाही, एवढंच.

पहिल्या चिठ्ठीला साजनचं उत्तर येतं ते जेवण खारट झाल्याचं. आभार नाहीत, गोड बोलणं नाही. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटी, ज्या पूर्ण चित्रपटात फक्त भारती आचरेकरांच्या आवाजातून भेटतात, भडकतात आणि इलाला तिखट वाढवायला सांगतात. तिथून दोघं पायरी पायरीनं एकमेकांपाशी येतात. आंटींचे यजमान वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांची नजर छतावरच्या पंख्यावर लागलेली असते, हे इला लिहिते. वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचं लिहिते. मग नवऱ्याच्या शर्टाला येणाऱ्या वासाबद्दल, म्हणजे त्याच्या आयुष्यात दुसरी बाई असल्याच्या संशयाबद्दल लिहिते. साजन आपल्या थडग्याची गोष्ट सांगतो. दफनभूमीत आता उभीच जागा मिळते. जन्मभर गाडीत उभं राहून प्रवास केला, मेल्यावरही उभंच राहावं लागणार.

आता तिच्या संसारातल्या दुखण्यावर साजन काय उत्तर देतो ते पाहा. दुसरं मूल होऊ द्या, त्यानं कधी कधी संसार सावरतो, असं तो सुचवतो. हा सल्ला आपल्याकडच्या कुठल्याही घरात कुणीही वडीलधारं माणूस देईल. त्यात वाईट हेतू नाही. पण बाई दुखणं सांगतेय, आणि तो तिला काय हवं हे न विचारता उपाय सांगून मोकळा होतो. कूलरमधल्या भेटीच्या आधीच त्याची ही सवय आपल्याला दिसलेली असते.

इलाच्या बाजूनंही एक गोष्ट नोंदवायला हवी. शर्टाचा वास तिला कळतो, पण ती राजीवला समोर बसवून विचारत नाही. राजीव फोनमध्ये आणि टीव्हीत डोकं घालून बसलेला असतो, त्यानं तर बोलण्याचे सगळे दरवाजे लावून घेतलेत. तरीही जे एका अनोळखी माणसाला लिहिता येतं ते घरातल्या माणसाला विचारता येत नाही, ही तिचीही अडचण आहे. कागदावर आपण सगळेच जरा धीट असतो. चित्रपट तिला यासाठी बोल लावत नाही आणि मीही लावणार नाही. पण पुढे ती कुठवर जाते हे समजायला ती कुठून निघाली हे लक्षात ठेवायला हवं.

काचेपलीकडून बघणारा माणूस

साजनला पळपुटा म्हणून हातावेगळं करणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. त्याची एक जुनी गोष्ट चित्रपट फार हळुवारपणे सांगतो.

त्याच्या बायकोला टीव्हीवरची 'ये जो है ज़िंदगी' ही मालिका आवडायची. तिनं भाग टेप करून ठेवले होते. ती गेल्यावर एका रात्री तो त्या टेप काढून बघत बसतो, आणि आपण नेमकं काय शोधतोय हे त्याला उशिरा उमगतं. ती मालिका बघत असायची तेव्हा तो बाहेर सायकल दुरुस्त करत असायचा. मान वर केली की टीव्हीच्या काचेत तिचं हसणारं प्रतिबिंब दिसायचं. आणखी बघत राहायला हवं होतं, असं तो इलाला लिहितो.

मला हा चित्रपटाचा गाभा वाटतो. बायको जिवंत असताना, काही पावलांवर बसलेली असताना, त्यानं तिचं हसणं काचेत पाहिलं. आत जाऊन शेजारी बसला नाही. आता वांद्र्याच्या घराच्या गच्चीत उभा राहून तो समोरच्या खिडकीतलं एक कुटुंब जेवताना बघतो, आणि त्या घरातली मुलगी एकदा खिडकी लावून घेते. पुढे कूलरमध्ये तो इलालाही तसंच बघतो, दुरून, मधली जागा न ओलांडता. त्याचं प्रेम खरं आहे. पण बघण्यापलीकडे त्या प्रेमाला कधी सरावच मिळालेला नाही.

३५ वर्षं एकाच कचेरीत क्लेम्सच्या फायली तपासणारा माणूस आहे हा. फाईल समोर आली की बघायची, तपासायची, निकाल लिहायचा. समोरच्या माणसाला बोलवून विचारण्याची वेळच येत नाही. त्याच्या पेशावर इतका भार टाकणं कदाचित जास्त होईल, पण ते पत्र वाचताना मला निकालपत्राचीच भाषा जाणवते.

पत्रात काय आहे आणि काय नाही

पत्रातली घटना छोटी आहे. त्या दिवशी सकाळी निघताना तो काहीतरी विसरतो, बाथरूममध्ये परत जातो, आणि तिथे त्याला आजोबांच्या बाथरूमसारखा वास येतो. क्षणभर वाटतं, आजोबाच आत येऊन गेले. मग कळतं, हा आपलाच वास आहे. गाडीत एक तरुण त्याला काका समजून बसायला जागा देऊ करतो. कधी म्हातारे झालो ते कळलंच नाही, असं तो लिहितो. हे सगळं मनाला भिडतं. वाढत्या वयाची लाज इतक्या साध्या तपशिलात मांडणारं लेखन आपल्या चित्रपटांत विरळा.

पुढे तो सांगतो की कालचं लॉटरीचं तिकीट कुणी विकत घेत नाही. तू तरुण आहेस, स्वप्नं बघू शकतेस. काही काळ मला तुझ्या स्वप्नात जागा दिलीस, त्याबद्दल आभार.

या पत्रात एकही प्रश्न नाही. 'तुला काय वाटतं?' हे शब्द नाहीत. 'माझं वय हे आहे, चेहरा हा आहे, आता तू सांग' असंही नाही. 'तू तरुण आहेस' हे कौतुक वाटतं, पण खरं तर तो निर्णय आहे: तुला काय झेपेल, तुला कोण शोभेल, हे त्यानं ठरवून टाकलंय. इलानं त्याचं वय कधी विचारलं नव्हतं. त्याच्या रूपाबद्दल तिची काही अपेक्षा असल्याचं पत्रांत कुठे दिसत नाही. तिला हवा होता तो माणूस, जो तिचा डबा रिकामा करून चिठ्ठी पाठवायचा. तो माणूस कसा दिसतो हे पाहून नकार द्यायचा असता तर तो हक्क तिचा होता. साजननं तो नकार तिच्या वतीनं स्वतःच स्वतःला दिला, आणि नंतर तिला कळवला.

आपल्या घरांत हे फार घडतं. आईच्या आजाराचं मुलीला परीक्षा होईपर्यंत सांगायचं नाही. नोकरी गेल्याचं बायकोला महिनाभर सांगायचं नाही. प्रियकर परगावी निघून जातो आणि मागाहून निरोप पाठवतो की तुला माझ्यापेक्षा चांगला मिळेल. सगळं 'तिच्या भल्यासाठी'. हे सांगणारा माणूस खोटारडा नसतो, बऱ्याचदा मनापासून रडतही असतो. पण सत्य वेळेवर सांगणं आणि सगळं पार पडल्यावर सांगणं यांत जो फरक आहे, त्यात समोरच्या माणसाचा सगळा वाटा निघून जातो.

साजनच्या बाजूनं एक वजनदार मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. इला विवाहित आहे, पदरी यशवी नावाची लहान मुलगी आहे, ती दुखावलेली आहे. दुखावलेल्या माणसाच्या ओढीचा फायदा घेऊ नये, हे वयानं मोठ्या माणसाला कळायलाच हवं. त्या अर्थानं त्याचं मागं हटणं सभ्यपणाचंच आहे, असं म्हणता येईल. मला हा मुद्दा पटतो, पण अर्धाच. सभ्यपणानं मागं हटायचं होतं तर भेटीला होकारच द्यायचा नव्हता, किंवा समोर बसून, चहा घेऊन, तोंडानं सांगायचं होतं. त्यानं तसं केलं नाही. तो आला, आणि त्यानं पाहून घेतलं. त्या दुपारनंतर त्याच्याकडे तिचा चेहरा आहे, पाणी पिणारे तिचे हात आहेत, तिची घालमेल आहे. तिच्याकडे त्याचं काहीच नाही. दोघांत इतके दिवस जी बरोबरी होती, एक चिठ्ठी तुझी, एक माझी, ती त्या टेबलापाशी मोडली. पत्रात तो वयाची कबुली देतो, ही मोडलेली बरोबरी मात्र त्याच्या लक्षातही येत नाही.

रिकामा डबा

इलानं पाठवलेला रिकामा डबा मला पूर्ण चित्रपटातलं सगळ्यात सच्चं पत्र वाटतं. राजीवच्या बाबतीत ती गप्प राहून रोज स्वयंपाक करत होती. मनातला राग भाजीत कालवून, रुचकर करून पाठवत होती. या माणसाच्या बाबतीत ती तसं करत नाही. तिला लागलंय, आणि ते ती लपवत नाही. शिवीगाळ नाही, रडगाणं नाही, एकावर एक रचलेले स्टीलचे कप्पे तेवढे, आत काही नाही. साजन एकेक कप्पा उघडतो आणि तिची दुखावलेली बाजू त्याच्यासमोर येते. पळ काढून जे टाळलं होतं ते शेवटी कचेरीच्या टेबलावर येऊन पोचतं.

त्याचं प्रामाणिक पत्रसुद्धा या डब्यामुळेच लिहिलं गेलं, हे विसरता कामा नये. तिनं नेहमीसारखी भाजी-पोळी पाठवली असती तर तो कधी काही बोलला असता का, मला शंका आहे.

शेखच्या थापा आणि आईची भूक

साजनच्या जागी नेमलेला शेख, नवाजुद्दीन सिद्दीकीनं साकारलेला, या प्रकरणात फार उपयोगी पडतो. तो सर्रास थापा मारतो. 'अम्मी म्हणायची' असं म्हणून वाक्य सुरू करतो, आणि मग कळतं की तो अनाथ आहे. अम्मीचं नाव घातलं की बोलण्याला वजन येतं, असं तो सांगतो. चुकीच्या गाडीनंही कधी कधी बरोबर ठिकाणी पोचता येतं, हे वाक्य त्याच्याच तोंडी आहे. त्याच्या फायलींत चुका असतात, त्या साजन स्वतःच्या अंगावर घेतो.

आणि हाच शेख भावनेच्या बाबतीत साजनपेक्षा कितीतरी उघडा आहे. नको असताना साजनच्या टेबलाशी येऊन बसतो, त्याच्या डब्यातलं खातो, त्याला घरी जेवायला बोलावतो, लग्नात आपल्या बाजूनं उभं राहायला कुणी नाही म्हणून त्याला उभं करतो. मला तुमची गरज आहे, हे तो तोंडावर म्हणू शकतो. तपशिलात खोटा आणि नात्यात खरा. साजन बरोबर उलटा: त्याची फाईल निर्दोष, त्याचं अक्षर स्वच्छ, पण मला तू हवीस हे तीन शब्दांत म्हणायची वेळ आली की पाय मागं. दोघांना शेजारी ठेवलं की कळतं, खोटं न बोलणं एवढ्यावर प्रामाणिकपणा संपत नाही.

दुसरं दृश्य इलाच्या आईचं. वडील गेलेत. लिलेट दुबेनी केलेली ही आई शोक करताना दिसत नाही. तिला भूक लागली आहे. तो गेल्यावर माझं कसं होईल याची इतकी वर्षं काळजी वाटायची, आणि आता नुसती भूक लागली आहे, असं ती लेकीला सांगते. सुरुवातीला प्रेम होतं, पण नंतर रोजची औषधं, न्याहारी, आंघोळ, या सगळ्याची किळस यायला लागली होती, हेही सांगते. सती-सावित्रीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या समाजात ही कबुली सोपी नाही, आणि मृतदेह घरात असताना तर नाहीच. पण ती कबुली ज्याच्यापाशी द्यायला हवी होती तो आता ऐकायला नाही. इतकी वर्षं दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचं मन कळलं नाही.

माझ्या मते इला बदलते ती इथे. आईच्या जागी स्वतःला पाहिल्याशिवाय पुढचं पाऊल पडलं नसतं.

नंतर

साजनच्या पत्रानं प्रकरण मिटायला हवं होतं. त्यानं तसंच योजलं होतं, पत्र आभार मानून संपतं. पण इला त्याचा निकाल मान्य करत नाही. ती डबेवाल्याकडून त्याच्या कचेरीचा पत्ता काढते आणि थेट तिथे जाते. साजन नोकरी सोडून नाशिकला गेल्याचं शेख तिला सांगतो. पूर्ण चित्रपटात धाडसाचं म्हणावं असं पहिलं कृत्य मला हेच वाटतं. समोर जायचं, भर कचेरीत त्याचं नाव घेऊन विचारायचं, आणि नसेल तर नाही हे ऐकून घ्यायचं. तीच बाई, जी घरी नवऱ्याला एक प्रश्न विचारू शकत नव्हती.

त्यानंतर ती दागिने विकते आणि यशवीला घेऊन भूतानला जायचं ठरवते. भूतानला निघून जायचा विचार तिनं पूर्वी एका चिठ्ठीत कळवला होता, तेव्हा साजननं लिहिलं होतं, मी तुमच्याबरोबर भूतानला आलो तर? आता ती त्याच्यावाचूनही जाणार आहे. हे तिचं जाणं त्याच्यावर रुसून नाही. ठरवायचं ते आपण ठरवायचं, एवढं तिला कळलंय.

साजनही बदलतो, पण उशिरा. नाशिकच्या गाडीत त्याच्यासमोर एक वृद्ध बसलेला असतो, हात थरथरणारा. तो ज्याला आपलं भविष्य म्हणत होता ते आता समोर बसलंय. साजन मुंबईला परततो. शेवटी तो इलाचं घर शोधायला निघालेला दिसतो, डबेवाल्यांबरोबर, लोकलमध्ये, ते अभंग म्हणत असताना. वारकरी डबेवाल्यांचं गाडीतलं भजन मुंबईकरांच्या रोजच्या ओळखीचं, पण इथे त्या रोजच्या फेरीत पहिल्यांदाच डब्याबरोबर डबा खाणारा माणूस जातोय.

चित्रपट तिथे थांबतो. ते भेटले का, हा प्रश्न लोक अजून विचारतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते तो काय घेऊन जातोय हे. त्या पत्रातला निकाल घेऊन गेला, आपण किती म्हातारे आणि ती किती तरुण हे पुन्हा सांगायला गेला, तर दार उघडूनही काही होणार नाही. प्रश्न घेऊन गेला तर त्याला 'नाही' ऐकावं लागेल अशी पूर्ण शक्यता आहे. कुलूपही दिसेल कदाचित, आणि शेजारी सांगतील की ती मुलीला घेऊन भूतानला गेली. देशपांडे आंटी वरच्या मजल्यावरून त्याला चार शब्द सुनावतीलसुद्धा, आणि ते त्यानं ऐकून घ्यायला हवेत, कारण त्या दुपारी कूलरमध्ये इला किती वेळ बसली होती हे त्याला नक्की माहीत आहे.